बाकी

साडेसहाला किल्ल्याच्या तळ्यापाशी जमलो. सहाजण.
सातवे हवालदार जिन्नाप्पा चौगुले, निवृत्त,
हातात यादी, तीवर आमची नावं पेन्सिलीनं.
"गैरहजर कोणी?" त्यांनी विचारलं,
कोणी नव्हतं, तरी क्षणभर थांबले.

माणशी हजार दोनशे, जेवणासकट.
मी आले होते नदीसाठी, खरं तर पाखरांसाठी;
युद्ध मला वरकड मिळणार होतं.

संकेश्वर सोडून क्रूझर उसात शिरली.
पाट्या कन्नड, इरफानच्या शिव्या मराठी,
रेडिओ दोन्हींत खरखरत होता.
मागच्या बाकावर मगदूम नावाचे एक म्हातारे,
मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
कुंदा वाटला तेव्हाही त्यांचे दोन्ही हात डब्यावरच.

चावडीच्या भिंतीत, लाइटच्या मीटरखाली
संगमरवराची एक फरशी, शाळेच्या पाटीएवढी.
चौगुल्यांनी टोपी काढली, इंग्रजी वाचलं, मग सांगितलं:
या गावातून सदतीस माणसं महायुद्धाला गेली,
त्यांतल्या चौघांनी प्राण दिले.
"नावं?"
"नावं नाहीत. आकडे आहेत."
वर मीटरची चकती फिरत होती.
कॉलेजच्या पोरानं फोटो काढला.

मग कृष्णा.
थंडीतली, अंग चोरून वाहणारी, कडेला म्हशी,
काठावर वाळत घातलेली जाळी आणि कुणाची तरी शाळेची पँट.
पलीकडच्या वाळूवर चक्रवाक.
मी दुर्बीण काढेपर्यंत उडाले.

बसलिंगव्वा अंबिगेर, साठीची, पदर खोचून उभी.
तिची नाव गोल, बांबूची, बुडाला डांबर फासलेलं पोतं.
आम्ही म्हटलं काहील, ती म्हणाली हरगोल,
आणि आम्हाला वजनं बघून बसवलं,
बाजारात बटाटे लावतात तसं.

मधल्या धारेत नाव गरकन फिरली.
तेव्हा मगदुमांनी डबा उघडला.
आत एकच कार्ड, मोडीतलं.
"आमच्या आज्याचा भाऊ. ह्याच गावचा.
मला वाचता येत नाही, पण पाठ आहे."
आणि कार्डाकडं न बघता म्हणाले:
बसरा. इथली नदी गढूळ. नावा गोल, आपल्यासारख्याच.
नावाड्याला आपली बोली येत नाही,
पण तोही बुडू देत नाही.

बसलिंगव्वानं वल्हं उचलून धरलं. थेंब गळत राहिले.
"माझ्या पणज्यानं नेलेत ते. सदतीस.
सगळ्यांनी पैसं आधीच दिल्ते, जाऊन येऊनचं.
तेहतीस आलं."
मग पाण्याकडं बघत,
"चार बाकी ऐती."
चौगुल्यांनी भाषांतराला तोंड उघडलं,
आणि मिटलं.

म्हाळाच्या अवसेला त्यांच्या घरातलं कुणीतरी
रिकामी नाव पलीकडं नेतं.
जरा थांबतं. परत आणतं.
पूल झाला, भावकीत वाटण्या झाल्या, तरी नेतं.
"आणताना जड लागते?" पोरानं विचारलं.
"वाऱ्यावर असतंय," ती म्हणाली.

जेवण काठावर. भाकरी, शेंगाची चटणी, तळलेले मासे.
चौगुले जैन, ते लांब, पाठ करून बसले,
मासे संपल्यावर पुन्हा आमच्यात आले.

निघताना मगदुमांनी शंभराची नोट पुढं केली.
तिनं हात पदराआड घेतला.
"तुमच्या घरचं आधीच आलंय."
नोट कितीतरी वेळ तशीच हवेत होती.

परतीला सगळे पेंगलेले. माझ्या वहीत चक्रवाक,
संख्या लिहायची राहून गेलेली.
चौगुल्यांनी गाडीत डोकी मोजली, पुन्हा मोजली.
टोलनाक्यावर इरफाननं काच खाली केली
आणि सकाळची पावती दाखवली,
जाऊन येऊनची.